ज्या कराराला पाडवाच नव्हता: कर्ट फ्लड आणि बेसबॉलचा रिझर्व्ह क्लॉज

ऑक्टोबर १९६९. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात कर्ट फ्लड नावाच्या बेसबॉलपटूच्या घरी फोन वाजला. फोन क्लबच्या मालकाचा नव्हता, मॅनेजरचाही नव्हता. ऑफिसातल्या मधल्या फळीतल्या एका माणसाने कळवलं, की तुझा व्यवहार झालाय, आता तू फिलाडेल्फियाचा. फ्लड तेव्हा एकतीस वर्षांचा होता. बारा वर्षं तो सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळला होता, संघाचा सहकर्णधार होता, दोनदा विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघात होता. घर तिथे, धंदा तिथे, माणसं तिथे. आणि निरोप एवढाच.

आयपीएल बघणाऱ्या आपल्यासारख्यांना वाटेल, यात काय मोठंसं? खेळाडू संघ बदलतातच. पण आपल्याकडे लिलावाच्या यादीत खेळाडू स्वतः नाव देतो, आणि त्याचा करार कधीतरी संपतो. फ्लडचा करार संपतच नव्हता. तो कधीच संपणार नव्हता. अमेरिकेत ज्या खेळाला ‘राष्ट्राचा खेळ’ म्हणत, त्यात जवळपास नव्वद वर्षं हीच पद्धत चालू होती आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला दोनदा हात लावायचं टाळलं होतं. ती पद्धत नेमकी काय होती, ती इतकी वर्षं टिकली कशी, आणि फ्लडने तिच्याशी झुंज घेऊन काय गमावलं, हे नीट उलगडून बघावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

आधी माणूस बघू.

फ्लडचा जन्म १९३८ सालचा, टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा. वाढला कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या पश्चिम भागातल्या गरीब वस्तीत. अंगाने लहानखुरा, पण पाय विलक्षण चपळ. १९५६ साली सिनसिनाटीच्या क्लबने त्याला घेतलं आणि, सगळ्या नवख्यांना पाठवतात तसं, छोट्या लीगमध्ये धाडलं. बेसबॉलमध्ये प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली खालच्या पायऱ्यांवरचे संघ असतात. पोरं तिथे घडतात, रखडतात, बहुतेक तिथेच संपतात. फ्लडच्या वाट्याला आले ते दक्षिणेकडचे संघ, आणि तो काळ उघड वर्णभेदाचा. कृष्णवर्णीय खेळाडूंना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात राहता येत नव्हतं, एका टेबलावर जेवता येत नव्हतं.

त्या दिवसांतला एक प्रसंग त्याने पुढे स्वतः सांगितला आहे. एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला संपला की सगळे घामाने भिजलेला गणवेश काढून एका ढिगात टाकत, तो धुऊन-वाळवून आला की घालून दुसऱ्या सामन्याला उतरत. फ्लडनेही आपला गणवेश ढिगात टाकला. कपडे न्यायला आलेल्या माणसाच्या हातात टोकाला खिळा ठोकलेली लांब काठी होती. त्याने त्या खिळ्याने फ्लडचे कपडे गोऱ्यांच्या कपड्यांतून एकेक करून अलगद उचलून बाजूला काढले आणि कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या लाँड्रीत पाठवून दिले. ती लाँड्री लांब होती. बाकीचे मैदानावर गेले. फ्लड कपडे येईपर्यंत तिथे उघडा बसून राहिला. तेव्हा त्याचं वय विशीच्या आतबाहेर.

१९५७ च्या शेवटी सिनसिनाटीने त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. त्याही वेळी त्याला कुणी विचारलं नाही, आणि एकोणीस वर्षांच्या पोराने काही म्हटलंही नाही.

सेंट लुईसमध्ये तो सेंटर फील्डला उभा राहू लागला. ज्यांना बेसबॉलची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी: बॅट्समनच्या अगदी समोर, लांब, सीमेजवळच्या मोकळ्या पट्ट्यात तीन क्षेत्ररक्षक असतात. त्यातला मधला हा सगळ्यांत जास्त धावणारा. उंच उडालेला चेंडू त्याने पळत जाऊन झेलला तर बॅट्समन बाद, तो डोक्यावरून गेला तर समोरच्याच्या धावा. या जागेवर फ्लड त्या काळातल्या सर्वोत्तमांपैकी एक होता. क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्याने १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षं मिळवला. १९६६ च्या संपूर्ण मोसमात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. त्या सुमाराला तर तो लागोपाठ २२६ सामने बिनचूक खेळला. फलंदाजीतही मागे नव्हता. कारकिर्दीची सरासरी .२९३, म्हणजे हजार वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर २९३ वेळा चेंडू मारून सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या ठरलेल्या टप्प्यावर, पोचला. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे पहिल्या दर्जाचा फलंदाज मानतात, त्यावरून अंदाज यावा.

आणि तरी लोकांना आठवत राहिला तो १९६८ च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. डेट्रॉइटविरुद्ध. बेसबॉलच्या सामन्यात दोन्ही संघांना नऊ-नऊ छोटे डाव मिळतात; त्यातले सहा डाव दोन्हीकडे शून्य. सातव्या डावात दोन गडी बाद असताना जिम नॉर्थरपने चेंडू सेंटर फील्डकडे उडवला. फ्लड आधी पुढे आला, मग चेंडू लांब जातोय हे लक्षात येऊन वळला, वळताना पाय घसरला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला. दोन धावा झाल्या, सामना गेला, मालिका गेली. वर्षानुवर्षं बिनचूक खेळणाऱ्या माणसाची ती अर्धी पावलं. पुढच्या हंगामाआधी त्याने पगार वाढवून मागितला, तो ९०,००० डॉलर ठरला, पण मालकाच्या मनातून तो उतरत चालला होता हे नक्की. ऑगस्ट बुश हे क्लबचे मालक, बिअरच्या मोठ्या कंपनीचे धनी. त्या हंगामाआधीच्या सरावात त्यांनी पत्रकारांसमोर खेळाडूंना पैशांवरून लांबलचक भाषण दिलं होतं. हंगाम संपला आणि फोन आला.

आता ते कलम.

आपल्याकडे गावात सालगडी ठेवतात. पाडव्याला बोलणं होतं: वर्षाचे एवढे पैसे, एवढं धान्य. वर्षभर राबायचं. पुढच्या पाडव्याला पटलं तर तिथेच, नाही पटलं तर दुसऱ्या मालकाकडे. सालगड्याचं जिणं सोपं नसतं, उचल घेतलेली असेल तर पाय आणखीच अडकतो. तरी पाडव्याचा तो एक दिवस त्याच्या हातात असतो. त्या दिवशी तो ‘नाही’ म्हणू शकतो.

आता असा करार कल्पून बघा, ज्यात लिहिलंय की वर्ष संपलं आणि पैशांवर जमलं नाही, तर मालक हाच करार आणखी एका वर्षासाठी आपणहून वाढवू शकतो. आणि गावातल्या सगळ्या मालकांनी आपसात ठरवलंय की दुसऱ्याच्या गड्याशी बोलायचंसुद्धा नाही. हाच बेसबॉलचा रिझर्व्ह क्लॉज.

प्रत्येक खेळाडूच्या करारात कलम १० अ होतं. खेळाडूने नव्या वर्षासाठी सही केली नाही तर क्लबला तोच करार त्याच अटींवर एका वर्षासाठी वाढवता येईल, असं त्यात म्हटलं होतं. मालकांचं म्हणणं असं, की ‘त्याच अटींवर’ म्हणजे हे वाढवण्याचं कलमही आलंच. म्हणून एका वर्षानंतर आणखी एक, मग आणखी एक, खेळाडू निवृत्त होईपर्यंत. एक वर्ष की कायमचं, हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावर फिरणार आहे.

याची सुरुवात १८७९ सालची. नॅशनल लीग या व्यावसायिक क्लबांच्या लीगमधल्या मालकांनी गुपचूप ठरवलं की प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू ‘राखून’ ठेवायचे, त्यांना दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. पाचाचे हळूहळू सगळे झाले. परिणाम साधा होता. खेळाडू कितीही मोठा असो, त्याला पगार देऊ शकणारा माणूस जगात एकच. तो देईल तो पगार घ्यायचा, पाठवील त्या गावी जायचं, नाहीतर खेळ सोडून दुसरं काम बघायचं.

मालकांचा युक्तिवादही ऐकून घेतला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नव्हता. खेळाडू मोकळे सोडले तर न्यूयॉर्कसारख्या शहरातले श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू उचलतील, लहान शहरांचे संघ मरतील आणि स्पर्धाच उरणार नाही, असं ते म्हणत. ऐकायला पटतं. पण १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत अमेरिकन लीगचं (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकाचं) विजेतेपद चौदा वेळा न्यूयॉर्क यांकीजनेच जिंकलं होतं, आणि ते सगळं रिझर्व्ह क्लॉज पूर्ण जोरात असतानाच. म्हणजे ज्या आजाराची भीती दाखवत होते, तो हे औषध चालू असतानाच बळावला होता. या कलमाने खरोखर राखलं गेलं ते एकच, खेळाडूंचे पगार.

मग कायदा काय करत होता? हा या गोष्टीतला सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग आहे, पण मूळ मुद्दा अवघड नाही.

अमेरिकेत १८९० पासून मक्तेदारीविरोधी कायदा आहे. धंदेवाल्यांनी संगनमत करून स्पर्धा मारायची नाही, हा त्याचा गाभा. एका शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांनी ठरवलं की एकाची नर्स दुसऱ्याने कामाला ठेवायची नाही, तर हा कायदा आडवा येईल. मात्र हा केंद्राचा कायदा, त्यामुळे तो राज्याराज्यांमधल्या व्यापाराला लागू. १९२२ साली बेसबॉलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की बेसबॉलचा सामना हा त्या त्या गावात होणारा कार्यक्रम आहे. खेळाडू त्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, पण ते जाणं दुय्यम. सबब हा आंतरराज्य व्यापार नव्हे, आणि कायदा लागू नाही.

१९५३ साली पुन्हा एका खेळाडूचा खटला आला. तोवर रेडिओ आला होता, टीव्ही आला होता, देशभर प्रक्षेपण होत होतं. तरी न्यायालयाने एका परिच्छेदात सांगितलं की इतकी वर्षं लोक जुन्या निकालाच्या भरवशावर चाललेत, बदल हवा असेल तर संसदेने करावा. त्यानंतर काही वर्षांतच बॉक्सिंग आणि अमेरिकन फुटबॉल यांची प्रकरणं आली. त्यांना मात्र न्यायालय म्हणालं, तुम्हाला कायदा लागू आहे. म्हणजे सगळ्या व्यावसायिक खेळांत कायद्याच्या बाहेर राहिला एकटा बेसबॉल. याचं कारण तर्कात सापडत नाही, फक्त सवयीत सापडतं.

या भिंतीवर फ्लडने डोकं आपटायचं ठरवलं.

फिलाडेल्फियाला जायचं नाही, यामागे एक कारण ते शहरही होतं. ज्याच्या बदल्यात मुख्यतः हा व्यवहार झाला तो डिक ॲलन तिथला कृष्णवर्णीय तारा. त्याच्यावर घरचेच प्रेक्षक इतक्या वस्तू फेकत की तो क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालून उभा राहायचा. पण हे कारण वरवरचं. आपल्याला न विचारता आपलं आयुष्य उचलून दुसरीकडे ठेवतात, हे फ्लडला आता सोसवत नव्हतं.

तो मार्विन मिलर यांच्याकडे गेला. मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेतले मुरलेले अर्थतज्ज्ञ, १९६६ पासून बेसबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख. त्यांनी फ्लडला भरीस घातलं नाही, उलट घाबरवलं. खटला जिंकायची शक्यता जवळपास नाही, असं सांगितलं. जिंकलास तरी मागचे पैसे मिळणार नाहीत. खटला चालेल तोवर तुझी खेळायची वर्षं जातील. आणि यानंतर प्रशिक्षक म्हणूनसुद्धा कुठला क्लब तुला दारात उभा करणार नाही. फ्लडने एकच विचारलं, बाकीच्या खेळाडूंना आणि पुढे येणाऱ्यांना याचा उपयोग होईल का? मिलर म्हणाले, होईल. फ्लड म्हणाला, मग मला तेवढं पुरे.

डिसेंबरमध्ये पोर्तो रिकोत संघटनेची बैठक झाली. एका खेळाडूने स्पष्टच विचारलं, तू हे कृष्णवर्णीय म्हणून करतोयस का? प्रश्न टोचणारा होता, पण फ्लड शांत राहिला. कृष्णवर्णीय म्हणून जे भोगलं ते भोगलंच, पण हे मी बेसबॉलपटू म्हणून करतोय, असं तो म्हणाला. मतदान झालं. सगळीच्या सगळी, म्हणजे पंचवीस मतं त्याच्या बाजूने पडली. संघटना वकिलाचा खर्च उचलणार होती.

२४ डिसेंबर १९६९ ला त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य असं होतं, की मोठ्या लीगमध्ये बारा वर्षं खेळल्यावर, माझ्या इच्छेचा विचार न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मी एखादी मालमत्ता आहे, असं मला वाटत नाही. कून यांचं उत्तर आठवड्याभरात आलं. माणूस म्हणून तुम्ही मालमत्ता नाही हे मला मान्य आहे, पण त्याचा या प्रकरणाशी काय संबंध ते मला दिसत नाही, असा त्याचा आशय. जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात दावा दाखल झाला.

वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. वर्षाला ९०,००० डॉलर कमावणारा माणूस गुलामीची भाषा कशी करतो, असा सूर होता. फिलाडेल्फिया तर लाख डॉलर द्यायला तयार होतं. टीव्हीवर हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा फ्लड म्हणाला, गुलामाला भरपूर पगार दिला तरी तो गुलामच. हे वाक्य तेव्हा पुष्कळांना झोंबलं. गुलामगिरी खरोखर भोगलेल्या समाजातला माणूस हा शब्द वापरतोय, तेव्हा तो सहज वापरत नसणार, एवढं तरी ऐकणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं होतं असं मला वाटतं. त्याचा प्रश्न पगार किती असा नव्हता. कुणासाठी काम करायचं हे ठरवण्यात आपला शब्द आहे की नाही, एवढाच होता, आणि तो प्रश्न कमी पगाराच्या माणसाने विचारला असता तर कुणी ऐकलाही नसता.

मे १९७० मध्ये साक्षी झाल्या. जॅकी रॉबिन्सन आला. १९४७ साली मोठ्या लीगची वर्णभेदाची भिंत ओलांडणारा तो पहिला आधुनिक खेळाडू. पन्नाशीतच केस पांढरे, मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली, चाल मंदावलेली. त्याने रिझर्व्ह क्लॉज एकतर्फी आहे, सगळं मालकांच्या बाजूचं आहे, असं साक्षीत सांगितलं. हँक ग्रीनबर्ग हा जुना ज्यू महानायक आला. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. साक्षीला नाहीच, नुसतं मागच्या बाकावर बसायलाही नाही. ज्या जिवलग सहकाऱ्यांबरोबर फ्लड दहा-दहा वर्षं खेळला, तेही नाहीत. मालक खुन्नस धरतील या भीतीत तथ्य होतं, हे खरं. तरीही फ्लडला रोज त्या रिकाम्या बाकांसमोर बसावं लागलं.

वकील आर्थर गोल्डबर्ग हे स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. नाव मोठं, पण त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत उतरले होते आणि लक्ष वाटलं गेलं. खालच्या न्यायालयात हार झाली, अपिलात हार झाली. १९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. नववे न्यायमूर्ती बाजूला झाले होते, कारण त्यांच्याकडे कार्डिनल्सच्या मालकाच्या बिअर कंपनीचे शेअर होते.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिला. सुरुवातीलाच त्यांनी बेसबॉलच्या थोर जुन्या खेळाडूंची ऐंशीहून अधिक नावांची यादी दिली. त्यांच्या बाजूने मत देणाऱ्या दोघा न्यायमूर्तींनी तेवढा भाग वगळून उरलेल्या निकालाला संमती दिली. खेळावरचं प्रेम पानोपानी दिसतं. पुढे मात्र ते मान्य करतात की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार आहेच, त्याला दिलेली सूट ही विसंगती आहे, अपवाद आहे. आणि एवढं सगळं कबूल करून म्हणतात, पन्नास वर्षांची विसंगती आहे, ती सुधारायची तर संसदेने सुधारावी. विरोधी मत देणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. मी हा निकाल वाचला तेव्हा मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे: चूक आहे हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, लिहिलंही होतं.

निकालाआधीच फ्लडचा खेळ संपला होता. १९७० चा पूर्ण हंगाम तो बाहेर बसला. १९७१ साली वॉशिंग्टनच्या क्लबने त्याला बोलावलं, कर्जात बुडाल्यामुळे तो गेला. पण एक वर्ष बाहेर राहिलेलं शरीर आणि त्याहून थकलेलं मन साथ देईना. तेरा सामने खेळला. एप्रिल संपायच्या आत मालकाला तार पाठवून तो निघून गेला, थेट स्पेनला. मालोर्का बेटावर त्याने एक बार चालवला. दारूने त्याला आधीच धरलं होतं, तिथे घट्ट धरलं. देशात परतला तेव्हा हातात काही नव्हतं.

आता त्या ‘एका वर्षा’कडे परत येऊ.

खटला चालू असतानाच, १९७० साली, मिलर यांनी मालकांकडून एक गोष्ट करारात घालून घेतली. खेळाडू आणि क्लब यांच्यातल्या तक्रारींवर यापुढे आयुक्त निर्णय देणार नाहीत, तटस्थ लवाद देईल. आयुक्त मालकांनीच नेमलेले, त्यामुळे तोवर आरोपीच न्यायाधीश होता. मालकांनी हे का मान्य केलं? फ्लडच्या खटल्यात आपण न्यायी दिसावं, ही गरज त्यामागे होती असं माझं मत आहे. त्यांना वाटलं, बारीकसारीक कुरबुरी मिटवण्यापुरतं हे राहील.

१९७५ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अँडी मेसरस्मिथ याने करारावर सहीच केली नाही. क्लबने कलम १० अ वापरून त्याचा करार एक वर्षाने वाढवला, आणि तो वर्षभर विनासहीचा खेळला. माँट्रियलचा डेव्ह मॅकनॅलीही बिनसहीचा होता. तो तर हंगामाच्या मध्यावर खेळ सोडून मोंटानातल्या आपल्या गावी परतला होता. मेसरस्मिथ ऐन वेळी विरघळला तर दावा कोसळू नये म्हणून मिलर यांनी मॅकनॅलीचंही नाव घातलं. क्लबने त्याला सही करण्यासाठी घसघशीत रक्कम देऊ केली. ज्याला स्वतःला पुन्हा खेळायचंही नव्हतं अशा त्या माणसाने ती नाकारली.

दोघांचं म्हणणं एका ओळीचं होतं: कलमात एक वर्ष लिहिलंय, आमचं एक वर्ष भरलं, आम्ही मोकळे.

लवाद पीटर साइट्झ यांनी दोन्ही बाजूंना आपसात मिटवा म्हणून परोपरीने विनवलं. मालकांनी ऐकलं नाही. २३ डिसेंबर १९७५ ला निकाल आला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झ यांना लगेच कामावरून काढलं, न्यायालयात गेले, हरले. इथे मक्तेदारी नाही, राज्यघटना नाही, कुठलाही मोठा सिद्धांत नाही. करारातला एक शब्द जसा लिहिलाय तसा वाचला गेला, एवढंच झालं. फरक इतकाच की या वेळी तो वाचणारा माणूस मालकांचा नोकर नव्हता.

यानंतर मिलर यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. सगळे खेळाडू दरवर्षी मोकळे व्हावेत असा हट्ट त्यांनी धरला नाही. उलट त्यांना त्याचीच धास्ती होती. ओकलंडचे मालक चार्ली फिनली म्हणत होते, करून टाका सगळ्यांना मोकळं. बाजाराचं गणित त्यांना बरोबर कळलं होतं. मार्केटयार्डात एकाच दिवशी सगळ्यांचा कांदा आला तर भाव पडतो. रोज थोडा आला तर टिकतो. बाकीच्या मालकांनी फिनलींचं ऐकलं नाही आणि १९७६ च्या करारात ठरलं, की मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं भरल्यावर खेळाडू ‘फ्री एजंट’ होईल, हव्या त्या क्लबशी बोलणी करील. दरवर्षी थोडेच खेळाडू मोकळे, आणि त्यांच्यासाठी क्लबांची झुंबड. १९७६ साली सरासरी पगार सुमारे ५१,००० डॉलर होता. १९८० साली तो सुमारे १,४३,००० झाला, आणि १९९२ साली त्याने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मूळ चौकट आजही तीच आहे: पहिली वर्षं क्लब देईल तो पगार, साधारण तीन वर्षांनंतर पगारासाठी लवादाकडे जाण्याची सोय, आणि सहा वर्षांनी मोकळीक. स्पर्धा मेली नाही, खेळ बुडाला नाही, क्लबांच्या किमती वाढतच गेल्या.

फ्लडला यातला एक पैसाही मिळाला नाही. हळूहळू तो दारूतून बाहेर आला, १९८६ साली पुन्हा लग्न केलं, संसार सावरला. १९९४ साली खेळाडूंचा मोठा संप झाला तेव्हा संघटनेच्या सभेत तो बोलायला उभा राहिला. समोर बसलेले बरेच जण तो खेळत होता तेव्हा अगदी लहान होते. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. चोवीस वर्षांपूर्वी न्यायालयातल्या त्या बाकांवर कुणी नव्हतं, हे त्याच्या मनात आलं नसेल असं मला वाटत नाही.

२० जानेवारी १९९७ ला घशाच्या कॅन्सरने तो गेला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. त्या दिवशी अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती. पुढच्या वर्षी संसदेने त्याच्या नावाचा कायदा केला आणि मोठ्या लीगमधल्या खेळाडूंच्या नोकरीपुरता बेसबॉललाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू केला. छोट्या लीगमधली पोरं त्यातून वगळली. ती २०२२ साली संघटनेत आली तेव्हा कुठे त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी उभं राहिलं. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मिलर यांना २०२० च्या निवडीत, मरणोत्तर, जागा मिळाली. फ्लडला अजून मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी.

एक नियम मात्र त्याच्या नावाने ओळखला जातो. मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं झालेली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबमध्ये, तर त्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुठेही देता येत नाही. १९७३ च्या करारात हे कलम आलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिकागो क्युब्जने आपला जुना खेळाडू रॉन सँटो याचा कॅलिफोर्नियाच्या क्लबशी व्यवहार ठरवला. या वेळी आधी त्याला विचारावं लागलं. सँटो म्हणाला, मला शिकागो सोडायचं नाही. तो व्यवहार रद्द झाला, आणि क्युब्जने त्याला त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबकडे, व्हाइट सॉक्सकडे दिलं. फ्लडला फोन आला होता त्या दिवशी त्याची सेंट लुईसमध्ये बारा वर्षं भरलेली होती.